पाव फेरा

तीन स्क्रू निघाले. चौथा काही डॅरिल पिकेटच्या हाताला दाद देईना.

"दे इकडे," अर्विन कोवाच म्हणाला. नाकातली ऑक्सिजनची नळी सरळ करून त्याने काउंटरवर कोपरं टेकली, पेचकस घेतला आणि एका दमात स्क्रू फिरवला. तो एक दम भरून काढायला त्याला पुढची दोन मिनिटं लागली.

"केवढा आवळलाय, काका."

"दर एक जानेवारीला पाव फेरा. चौतीस वर्षं. हवेचा कण आत जाऊ दिला नाही."

"लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरला," शेजारी उभी असलेली व्हर्ना म्हणाली, "पण एक जानेवारी? छे!"

डॅरिल हसला. अमेरिकेतल्या टोलेडोच्या पूर्व भागात, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून, पिकेट बापलेकांचं हे बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या छापील कार्डांचं दुकान होतं. बाप मागच्या वर्षी गेला. गिऱ्हाइकं तीच राहिली होती, फक्त आता ती घ्यायला नाही, विकायला येत.

स्क्रूंनी आवळलेल्या पेटीच्या जाड प्लास्टिकच्या दोन फळ्यांमध्ये क्लिफ डोब्रास होता. पंचावन्न सालचा, त्याच्या पहिल्या मोसमाचा, बॅट खांद्यावर टाकून उभा. पुढे डोब्रासने मैदानं गाजवली. पण भाव असतो तो, डोब्रास कुणाला ठाऊक नव्हता त्या वर्षीच्या कार्डाला. अर्विनने ते अठ्ठ्याऐंशी साली घेतलं, स्वतःचा आयुर्विमा मोडून. "विम्याचे पैसे मिळायला मला मरावं लागेल," तो तेव्हा म्हणाला होता, "हे मी जिवंत असताना वाढतं." व्हर्नाने आठवडाभर अबोला धरला. आठव्या दिवशी तिने कोबीचे रोल केले, आणि विषय मिटला असं अर्विनने आपल्यापुरतं धरून टाकलं.

हिशेब तसा चुकीचाही नव्हता. गेल्या वसंतात असंच एक निष्कलंक कार्ड लिलावात एकतीस हजार डॉलरला गेलं. त्याच वसंतात डॉक्टरांनी अर्विनच्या फुफ्फुसांचा फोटो दिव्यावर लावला आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंतची मुदत दिली. तो गेल्यावर काचकारखान्याचं निवृत्तिवेतन निम्म्यावर येणार होतं, आणि निम्म्यात घराचा कर आणि हिवाळ्याचा गॅस भागला तरी पुष्कळ. बाकीचं सगळं डोब्रासने बघायचं होतं.

डॅरिलने पांढरे हातमोजे चढवून कार्ड उचललं आणि मोजपट्टीवर ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग खणातून त्याच सालचं, कुणा फुटकळ खेळाडूचं कार्ड काढून त्याच्या शेजारी लावलं आणि दोघांच्या कडा दिव्यासमोर आडव्या धरल्या.

अर्विनने एकतीस वर्षं कारखान्यात हेच केलं होतं. काच दिव्यासमोर धरायची आणि ताण कुठे बसलाय ते सांगायचं. त्याला समोरच्या माणसाचा चेहरा बघायची गरज नव्हती. कडाच दिसत होत्या.

"दाबलं गेलंय," तो स्वतःच म्हणाला.

"पसरलंय, काका. दोन्ही बाजूंनी केसभर. वरची छपाई चेपून गुळगुळीत झालीय. तपासणीला पाठवलं तर 'फेरफार केलेलं' असा शेरा मारून परत येईल."

"फेरफार? मी बोटसुद्धा लावलं नाही त्याला!"

"मला माहितेय."

"ही पेटी इथूनच घेतली मी. याच काउंटरवरून. तुझा बाप म्हणाला, घट्ट ठेव."

"बाबांनी सगळ्यांनाच तसं सांगितलं. तेव्हा सगळे तसंच करायचे." डॅरिलने हातमोजे काढले. "महिन्याला एकजण तरी येतो असा. जितका माणूस काळजी घेणारा, तितकं कार्ड पातळ."

अर्विनने कार्ड उचललं. उघड्या हाताने, पहिल्यांदा. अंगठा कडेवरून फिरवला. डोब्रासला काही फरक पडलेला दिसला नाही.

"किती?" व्हर्नाने विचारलं.

"नऊशे देतो."

"थांबू या," अर्विन घाईने म्हणाला. "पाच-सहा वर्षांनी लोकांना या शेऱ्याचं काही वाटणार नाही. भाव चढेल. मी सांगतो, चढेल."

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती डॅरिलकडे वळली.

"बाराशे."

"बाई, त्यात मला काय सुटणार?"

"तुझ्या बापाला त्या पेटीत काय सुटलं ते आम्ही विचारलं का?"

अकराशेवर सौदा ठरला. डॅरिलने नोटा मोजून दिल्या, व्हर्नाने परत मोजल्या, पर्समध्ये घातल्या आणि पर्सचा खटका लावला. पण निघाली नाही. तिने दुकानभर नजर फिरवली: मागच्या टेबलावरची न बांधलेली पार्सलं, गल्ल्याशेजारी खिळ्याला टोचलेल्या पावत्यांचा गठ्ठा.

"इथे तू एकटाच असतोस?"

"एकटाच. का?"

"शाळेच्या जेवणघरात बावीस वर्षं गल्ला सांभाळलाय मी. रोज चारशे पोरं, आणि संध्याकाळी एका नाण्याची तूट नाही. तासाला काय देशील?"

डॅरिलने अर्विनकडे पाहिलं. अर्विन ऑक्सिजनच्या नळकांड्यावरचा काटा बघत होता.

"तेरा देईन," डॅरिल म्हणाला. "कधीपासून येणार?"

"डिसेंबरपासून," व्हर्ना म्हणाली. "त्याआधी मला घरातून निघता यायचं नाही."

शेजारच्या दुकानातलं एक यंत्र घरघरत थांबलं.

"दिवसभर उभं राहावं लागतं, बाई. खुर्चीला जागा नाही इथे."

"जागा होईल," अर्विन म्हणाला. नळकांड्याच्या गाडीचं अडकलेलं चाक सोडवत तो काउंटरच्या कडेने आत गेला, एक-दोन खोकी पायाने बाजूला सारली, भिंतीला हात टेकून थांबला, दम घेतला. मग हाताने अंतर मापून दाखवलं. "ही एवढी. पाठ असलेली खुर्ची घे. डावा गुडघा धरतो तिचा."