निशाण डोक्यावर

माझा भाऊ एकोव गेला, त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि ओतूनाना दारात येऊन उभे राहिले. ते आमच्या आसाफो पथकातले, म्हणजे गाव राखणाऱ्या मंडळींतले, सगळ्यांत ज्येष्ठ; एकोव त्याच पथकाचा नाईक होता. मी विकायच्या केंकेचे, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, उंडे मक्याच्या पाल्यात बांधत होते, हात पिठाने भरलेले.

"आराबा, पथकाला नाईक नाही. निशाणांची पेटी माझ्या घरी पाठवून दे."

"का म्हणून? एकोव वर्षभर खाटेवर होता. लाटेत होडी उलटली तेव्हा घंटा बडवून माणसं कोणी गोळा केली? तुम्ही तर झोपला होतात."

"केलीस ना, कोण नाही म्हणतंय? पण नाईक व्हायचं तर रीत आहे. निशाण घेऊन किल्ला चढायचा. कुणाचा हात धरायचा नाही, निशाण जमिनीला टेकू द्यायचं नाही. तुला जमणार आहे का ते?"

असं म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. माझा गुडघा साऱ्या गावाला ठाऊक. संडासला जायचं तरी मी भिंत धरते. अंगाचा असा तिळपापड झाला की हातातला उंडा खाली पडला. ती पेटी माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरात आहे. एकोवने शेवटी बोलायचं सोडलं, तरी बोट त्या पेटीकडेच करायचा.

"मंगळवारी चढते," मी म्हटलं.

मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रात जात नाही, म्हणजे सगळा गाव बघायला मोकळा. भावाच्या मुलीने, बाबा नावाच्या माझ्या भाचीने, दोन दिवस बसून नवं निशाण शिवलं होतं. ती आमच्या पथकाची निशाण नाचवणारी. निशाण गुंडाळून देताना म्हणाली, "आत्या, अजून सांगते, नको हट्ट करू."

"तू तुझे पाय सांभाळ. वर पोचले की नाचायचंय तुला."

डच गेले, इंग्रज गेले, आणि किल्ल्यावर आता शेळ्या राहतात. अर्ध्या पायऱ्या ढासळल्यात, कठडा कधीच समुद्रात गेला. खाली ढोल सुरू झाले. मी डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर निशाण ठेवलं, पहिल्या पायरीकडे पाठ केली आणि खाली बसले. मग दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकवून स्वतःला वर ओढलं.

गर्दीत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "अगं, बाळ रांगतंय की नाईक चढतोय?"

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं, आणि पुढची पायरी घेतली.

डोक्यावरचं हललं नाही. पोरवयापासून केंकेची परात घेऊन या गावात फिरलेय मी. परात पडली असती तर घरात चूल पेटली नसती.

पण मधल्या टप्प्यावर जीव अगदी मेटाकुटीला आला. तळहात सोलवटले होते, गुडघ्यात कोणी सुरी फिरवावी तसं होत होतं. तिथेच बाजूला, जिथे पूर्वी गुलाम कोंडायचे, त्या कोठडीचं भोक आहे. तिथे ढोल थांबतात आणि प्रत्येक नाईक त्यांच्या नावाने दारूचे दोन थेंब ओततो. मी बाटली काढली आणि हळूच मान वळवली.

आजवर इथून उभ्यानेच गेले होते. उभ्या माणसाला ते भोक मांडीशी येतं, आत काही दिसत नाही. आज ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. आतून त्याच्या कडेचा दगड गुळगुळीत झालेला, हात लागून लागून; घराचा उंबरठा पायांनी होतो तसा. आतली माणसं बसलेली असायची. जहाज येईपर्यंत इथेच बसून बाहेर बघायची. मला रडू आलं, मी ते आवरलं नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तुमचे गुडघे कसे आहेत म्हणून.

दारू ओतली, बाटली ठेवली आणि हात पुन्हा मागे टेकवले.

तेवढ्यात खालून ओतूनाना म्हणाले, "आराबा, पुरे झालं. हे काही चढणं नव्हे."

"रीत तुम्हीच सांगितलीत, नाना. हात धरला का मी कुणाचा? निशाण टेकलं का? आणि तुम्ही चढलात तेव्हा गावाने तुमची पाठ पाहिली. मी अजून तुम्हाला पाठ दाखवलेली नाही."

कुणी हसलं नाही. ढोलवाल्याने नानांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ थाप टाकली.

वर पोचले. गंजलेली तोफ धरून उभी राहिले. तोफ काही कुणाचा हात नव्हे. निशाण उलगडलं तेव्हा खालच्या सगळ्यांना दिसलं, लाल कापडावर एक बाई आणि तिच्या डोक्यावर अख्खा किल्ला. मी ते भाचीच्या हाती दिलं. ती तुटक्या बुरुजावर अशी नाचली की शेळ्या पळाल्या. एकोव असता तर गालात हसला असता.

उतरायच्या वेळी मात्र पायांनी संप केला. मी तोफेला टेकून उभी होते. ओतूनाना धापा टाकत वर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आणि रीत?" मी विचारलं.

"ती चढायची होती." त्यांनी हात आणखी पुढे केला. "चला, नाईक."

मी त्यांचा हात धरला. गुडघा खरोखरच फार दुखत होता.