फुलीबाईच्या कोंबड्या नांदायला आल्या

फुलीबाईचं पत्र आलं तेव्हा गहू नुकताच काढून झाला होता. त्याला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. लोणखेड्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेला माझा, पण मायन्यातच अडलो. 'प्रिय' लिहावं तर उतावीळ वाटतो. 'सप्रेम नमस्कार' लिहावं तर मुदत उलटलेलं पुस्तक परत मागतोय असं वाटतं.

फुलीबाई आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. माझ्याकडून गोष्टींची पुस्तकं न्यायची आणि पानापानावर हळदीची बोटं उमटवून परत आणायची. विधवा बाई, काम सुटल्यावर माहेरी, खापरला गेली. माझी बायको तर केव्हाच गेलेली. पत्रात आडपडदा नव्हता: 'तुम्ही एकटे, मी एकटी. तुमच्या घरी नांदायला येऊ का? फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, त्यातून काही कळत नाही. म्हणून लिहिते. लिहूनच कळवा.'

माझं उत्तर काही गेलं नाही. मग एका सकाळी गोकुळची जीप दारात थांबली. गोकुळ खापरहून शहाद्याला सवाऱ्या आणतो. त्यानं टपावरून एक डालगं उतरवलं. आत तीन कोंबड्या. दोन तांबड्या आणि एक उघड्या मानेची. तिच्या मानेवर पीस म्हणून नाही, पण ताठा असा की गळ्यात पुतळ्यांची माळ असावी.

"मामा, फुलीमावशीनी धाडेल शेतस," गोकुळ म्हणाला. "ती म्हने, पत्रनं उत्तर नही ते नही. तुम्हन्या कोंबड्या मन्हा कोंबड्यास्ले नांदू देतस का, ते देखा. नांदू दिन्हं ते मी बी नांदाले येसू. पुढला बाजारले मी देखाले येसू. नही जमनं ते डालगं परत ली जासू."

"आणि भांडल्या तर?"

"मंग तुम्ही आनि तुम्हना पुस्तकं!" असं म्हणून त्यानं गिअर टाकला.

माझ्या अंगणात बायकोच्या कोंबड्यांची पिलावळ होती. त्यांच्यात एक काळी होती, तिला सगळी गल्ली पाटलीण म्हणायची. तिच्याआधी कोणी दाण्याला तोंड लावत नसे. मला वाटलं, पाहुण्यांना कोंडून ठेवणं बरं नव्हे. मी डालगं उचललं.

पुढे काय झालं ते नीट सांगता येईल असं वाटत नाही, कारण मी डोळ्यांवर हात घेतला होता. पाटलीण बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. एक तांबडी मोरीत शिरली, दुसरी माझ्या वाळत टाकलेल्या लेंग्यात. उघड्या मानेची कुंपणावरून पलीकडे गेली. पलीकडे रमीबाईचे पापड वाळत होते.

"ओ रेवजीभाऊ! काय करी ऱ्हायनात? तुम्हनी कोंबडी मन्हा पापडवर नाची ऱ्हायनी!"

रमीबाई कोंबडी काखेत मारून आली. गावातल्या निम्म्या लेकींची पाठवणी तिनं केलेली आणि निम्म्या सुनांची समजूत तिनंच काढलेली. मी तिला पत्रापासून सगळं सांगून टाकलं. सांगताना कान तापले.

"लोक काय म्हणतील, रमीबाई?"

"काय म्हनतीन? म्हनतीन, रेवजीले आते गरम भाकर भेटी!" ती इतकी हसली की कोंबडी काखेतून निसटता निसटता राहिली. "पन भाऊ, तुम्ही इतला पुस्तकं वाचात आनि इतलं बी समजनं नही? नवी सून उनी म्हणजे पहिलाच दिवस सासूना ताटमा जेवाले बसाडतस का?"

मग तिनं कारभार हाती घेतला. नव्या तिघी अंगणाच्या मधोमध डालग्याखाली, आणि जुन्यांना दाणा डालग्याच्या भोवती. खाताना तोंडं बघू देत एकमेकींची. संध्याकाळी गोवरीचा धूर केला. म्हणाली, "बठ्ठ्यास्ले, नव्यास्ले आनि जुन्यास्ले, एकच वास लागू द्या."

"आणि पाटलीण?"

"तिले आठून उचला, घरमा ठेवा. थोडा दिवस आंगनना बाहेर ऱ्हायनी म्हणजे परत येताना तीच पाव्हनी. पाव्हनीना तोरा चालत नही."

पाटलीण माझ्या पुस्तकांच्या खोलीत आली. रोज मी वाचत बसायचो आणि ती खुर्चीच्या दांडीवरून, हे काय वाचता, अशा नजरेनं बघायची. माझ्याकडे आयुष्यभर वाचकांनी असंच बघितलंय. अंगणात मात्र गंमत चालली होती. डालगं काढलं तरी कोणी कोणावर धावलं नाही. एखादी चोच बसायची, तेवढ्यापुरती. दिवेलागणीला सगळ्या एकाच आडव्या बांबूवर अंग फुगवून बसल्या, तेव्हा मी एकटाच अंगणात टाळ्या वाजवल्या. रमीबाईनं कुंपणावरून विचारलं, "वरात निंघनी का?"

बाजाराचा दिवस उजाडला. मी दोनदा दाढी केली आणि सदरा इतका बदलला की शेवटी पहिलाच घातला. जीप आली. फुलीबाई उतरली. कपाळावर घाम, हातात पिशवी. नमस्कार नाही, काही नाही. आधी अंगणभर नजर फिरवली.

"मन्ही उघडी मानवाली कोठे शे?"

ती नव्हती. मोरीत नव्हती, लेंग्यात नव्हती, पापडांवरही नव्हती. रमीबाई शोधायला धावली, गोकुळ कुंपणावर चढला. फुलीबाईनं डालगं उचलून जीपजवळ ठेवलं. आता बोलावं, काहीतरी बोलावं, असं मनात घोकत मी सदऱ्याच्या गुंड्या चाचपत राहिलो.

तेवढ्यात पुस्तकांच्या खोलीतून कलकलाट झाला. सदऱ्यांच्या धांदलीत मी दार उघडंच टाकलं होतं! मेलं कोणीतरी, असं म्हणत मी आत पळालो. फुलीबाई माझ्या मागे.

खालच्या फळीवर, शब्दकोशाच्या जाड खंडांना ढकलून केलेल्या जागेत पाटलीण बसली होती. तिला खेटून, जवळजवळ तिच्या पंखाखाली, उघड्या मानेची. दोघी मिळून ओरडत होत्या, एकमेकींवर नव्हे, आमच्यावर. फुलीबाईनं हात घालून दोन कोमट अंडी बाहेर काढली.

"आव माय," ती म्हणाली, "एकच खोपामा!"

आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू मावेना. मग डोळे पुसून माझ्यासमोर उभी राहिली.

"कोंबड्यास्नी त्यास्नं सांगी दिन्हं. आते तुम्ही सांगा."

"हं," मी म्हणालो.

"हाई हं मी फोनवर बी आयकेल शे! पत्र मी पोस्टमा टाकेल व्हतं. उत्तर बी पोस्टमाच येवाले पायजे." कोंबड्या तिनं तिथंच ठेवल्या. रिकामं डालगं मात्र जीपमध्ये टाकलं. "कपडा भरीसन आनाले कामे येई," म्हणाली आणि निघाली.

त्याच दुपारी लिहायला बसलो. मायना तसाच कोरा सोडला. खाली लिहिलं: 'या. दोघी एकाच खोप्यात बसतात. मीही सरकून बसेन.' सही केली, खोडली, पुन्हा केली.

लोणखेड्याच्या टपालपेटीपर्यंत रमीबाई सोबत आली. माझ्यावर विश्वास नाही म्हणाली. पेटीच्या तोंडात हात घातला आणि वाटलं, 'सरकून' शब्द जरा जास्तच झाला का? बदलावा का? तोच माझ्या कोपराला धक्का बसला.

"पडनं का?" रमीबाईनं विचारलं.

मी पेटीला कान लावला.

"पडनं."

"मंग चाला. कोंबड्यास्ले दाना टाकाना शे."