मधल्या फळीचा जगभर गेलेला फोटो

मित्रांनो, मी चर्चमधला एक जुना बाक आहे आणि मी भयंकर चिडलेलो आहे. बाकाने आपली कहाणी सौम्यपणे सांगावी, असे तुम्हाला वाटत असेल. आज ते जमणार नाही.

एका तोंडाळ सुताराने मला जाड लाकडातून घडवले. अनेक वर्षे माझे कौतुक झाले. माझ्यावर नवरीमुलींच्या आया रडल्या, प्रवचन लांबले की तान्ही मुले झोपली आणि त्यांचे आजोबाही. पुढे माझी मधली फळी चिरली. त्या फटीत कपडा अडके आणि बसणाऱ्याला असा चिमटा बसे की माणूस प्रार्थना सोडून ओरडे. मंडळीच्या दर बैठकीत दुरुस्तीचा विषय निघायचा आणि चहाबरोबर संपायचा. मग मध्ये कोणी बसेनासे झाले.

माझ्या एका टोकाला थोरली बसे, दुसऱ्या टोकाला धाकटी. दोघी सख्ख्या जावा. थोरली निवृत्त नर्स, धाकटी शिवणकाम करणारी. धाकटी चष्मा हटकून घरी विसरे. मग थोरलीचा चष्मा गाण्याच्या प्रत्येक कडव्याला माझ्या पाठीवरून इकडून तिकडे जाई.

आमचा अँग्लिकन पंथ जगभर पसरलेला आहे आणि वादही जगभर पेटलेला होता. बाईने बिशप व्हावे का, दोन पुरुषांच्या लग्नाला चर्चने आशीर्वाद द्यावा का, यावरून देशोदेशीचे बिशप एकमेकांकडे पाठ फिरवून बसले होते. थोरली म्हणे, द्यावा. धाकटी म्हणे, मुळीच नाही. खोटे कशाला सांगू, उपासना सुरू होईपर्यंत दोघी कडाकडा भांडत. उपासना संपली की थोरलीचे गुडघे दुखतात म्हणून धाकटी तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवी, आणि भांडण पायऱ्यांवर पुढे चालू राही.

एके दिवशी एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. दूरच्या शहरात बिशपांची मोठी सभा भरली होती आणि त्याच्या साहेबांना साध्या माणसांचा फोटो हवा होता. तो खाली वाकला. दोन टोकांना दोन म्हाताऱ्या, मध्ये रिकामी जागा, चेहरे उकाड्याने आंबलेले. त्याने बटण दाबले आणि चालता झाला. अहो, एक शब्द तरी विचारायचा! "बाई, लांब का बसलात?" एवढे विचारायला त्याची जीभ झिजली असती का?

दुसऱ्या दिवशी मथळा आला: 'एक बाक, दोन चर्च'. माझी मोडकी फळी दूरचित्रवाणीवर गेली, परदेशी गेली. दाढीवाले विद्वान तिच्याकडे बोट दाखवून पंथाच्या फुटीवर बोलू लागले. फुटली होती ती फळी, गाढवांनो!

मग एका वाहिनीने धाकटीला बोलावले. निवेदकाने विचारले, "तुमच्या जाऊबाई धर्म बुडवतायत, असं वाटतं ना तुम्हाला?"

धाकटी म्हणाली, "तिचं चुकतंयच. पण ती माझी..."

तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली. थोरलीने घरी बसून नेमके एवढेच पाहिले. पुढच्या रविवारी ती अगदी पुढच्या रांगेत जाऊन बसली. धाकटी आली, तिची पाठ पाहिली आणि परत फिरली. या वादावरून चर्चमधून वेगळ्या झालेल्या गटाची उपासना एका शाळेत भरते, तिथे ती जाऊ लागली. भांडण आधीपासून होते. तुटले मात्र आता, आणि ते या लोकांनी तोडले.

त्या फोटोला बक्षीस मिळाले. प्रदर्शन भरले आणि मलाही उचलून तिथे नेले. भोवती दोरी, पुढे पाटी: 'बसू नये'. ज्या बाकावर कोणी बसायचे नाही, तो बाक कसला?

एका दुपारी धाकटी आली. पहारेकऱ्याने तिला ओळखले नाही. तो उत्साहाने सांगू लागला, "काकू, या दोघी कट्टर वैरिणी, बरं का. एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या."

धाकटीचा चेहरा लाल झाला. "कोण म्हणतं असं?"

"सगळा पेपर म्हणतो."

"पेपरला काय कळतंय माझ्या घरातलं!" ती कडाडली. "थांब तू इथेच. आलेच मी."

संध्याकाळ व्हायच्या आत दारातूनच मला दोन आवाज ऐकू आले.

"वर्षभर एक फोन नाही केलास!"

"आणि तुम्ही? पाठ दाखवून बसलात ते?"

"मग काय तुझ्या साबणाच्या जाहिरातीला ओवाळू?"

दोघी दोरी बाजूला सारून बसल्या आणि आशीर्वादाच्या प्रश्नावर तिथल्या तिथे जुंपली. पहारेकरी गयावया करू लागला, "अहो काकू, इतकं पटत नाही तर बरोबर आलात कशाला?"

थोरली म्हणाली, "मग भांडू कुणाशी? तुझ्याशी?"

मित्रांनो, माझी डागडुजी करा, म्हणून मी विनवणी करणार नाही. विनवणी एवढीच, की फोटो पाहून कोणाचे नाते ठरवू नका, जाऊन विचारा. त्या संध्याकाळी दोघी दिवे मालवेपर्यंत माझ्यावर बसून भांडत होत्या. तिथे दोन बातमीदार होते. त्यांनी एकदा पाहिले, इथे काही घडत नाहीये असे म्हणाले आणि निघून गेले.