मंजुरीचं बटण

पवनारच्या धनंजयने सावंगीतल्या एका मुलींच्या वसतिगृहाला सुट्टीचे अर्ज घेणारी वेबसाइट करून दिली, तेव्हा सुरक्षिततेवर अर्धा तास भाषणही ठोकलं होतं. "रेक्टरबाईंच्या परवानगीशिवाय इथे पान हलणार नाही," असं तो म्हणाला, तेव्हा टाळ्या पडल्या. पहिली बहुधा त्यानेच वाजवली असावी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रेक्टर सुमित्राबाईंचा फोन आला.

"धनंजय, साठ पोरींचा स्वयंपाक झाला अन् जेवाले अकरा जणी. बाकीच्यायची सुट्टी कोनं मंजूर केली?"

"तुमचा पासवर्ड कुणाला कळला असेल, मॅडम."

"मले तरी कुठं पाठ आहे तो?"

पासवर्ड कसा जपावा यावर चार वाक्यं जुळवत तो तिथे पोचला. ऑफिसात सुमित्राबाईंसमोर दुसऱ्या वर्षाची छाया मान खाली घालून उभी होती.

"सर, मॅडमनं मले माह्या अर्जाची लिंक पाठवली होती. हाच का तुझा अर्ज, म्हणून. मी दाबली तं सुट्टी मंजूरच झाली. मंग लिंकमधला शेवटचा आकडा बदलून पाह्यला. माह्या खोलीतल्या रूपालीची झाली. मंग साऱ्याच मांगं लागल्या."

धनंजय खाली बसला. वेबसाइटचं पान त्याने सुट्या तुकड्यांतून बांधलं होतं आणि 'मंजूर' बटणाचा तुकडा रेक्टरखेरीज कुणाला दिसू नये म्हणून तीन दिवस खपला होता. पण बटणामागून सर्व्हरकडे जी विनंती जायची (बाईंनी छायाला चुकून पाठवलेली लिंक तीच होती), ती पाठवणारा कोण, हे सर्व्हर विचारतच नव्हता. दार झाकलं होतं. भिंत बांधायची राहिली होती.

त्याने तिथेच बसून सर्व्हरवर तपासणी घातली. छायाने लिंक दाबली. 'तुम्हाला परवानगी नाही.' त्याची छाती जरा फुगली. मग सुमित्राबाईंनी दाबली. 'तुम्हाला परवानगी नाही.'

"मले?" त्यांनी शांतपणे विचारलं.

प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी त्याने 'रेक्टर' लिहिलं होतं, दुसरीकडे 'वॉर्डन'. ते छायाने दाखवलं. त्याने दुरुस्त केलं, तेव्हा कुठे बाईंना आत जाता आलं.

"पुढच्या खेपेले आधी हिले दाखवजो," त्या म्हणाल्या.

तो "हो जी" म्हणाला. घरी येऊन त्याने प्रोफाइलमधल्या 'वेब सुरक्षा तज्ज्ञ' यातला 'तज्ज्ञ' खोडला. थोड्या वेळाने उरलेले दोन शब्दही काढले.