लिंकमामांनी निवडलेलं गाणं

चष्म्याच्या दुकानात बसून माणूस काय करतो? काचा घासतो, फ्रेमचे स्क्रू आवळतो, गिऱ्हाइकाला "आता वाचा बघू" म्हणतो. लिंकमामा हे सगळं करायचेच, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. काउंटरवर फोन टेकवून ते दिवसभर प्रभूची नवी नवी गाणी शोधायचे. कुणी गॅरेजमध्ये गिटार घेऊन स्तुती गायली, कुणा बहिणींनी स्वयंपाकघरात बसून सूर लावला, की ते मामांना सापडलंच म्हणून समजा. आणि मामांना सापडलं की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर त्याची लिंक पडलीच. सोबत ठरलेली ओळ: "ऐका, पाय जागेवर राहणार नाहीत."

पाय सगळ्यांचे जागेवरच राहायचे. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकायचं, तेही न ऐकता. ज्यांनी ऐकलं ते तर आणखीच गप्प. क्वायर सांभाळणाऱ्या संगीतबाई तेवढ्या स्पष्ट लिहायच्या, "मामा, ऐकलं. झोप छान लागली." हे मामांच्या जिवाला फार लागायचं. इतकं उड्या मारणारं गाणं आणि या बाईला झोप? कान आहेत की कपाटाच्या मुठी? इतकी वर्षं गाणी पाठवली, पण चर्चमध्ये त्यातलं एकही कधी वाजलं नव्हतं. एक तरी वाजावं, एवढंच त्या माणसाचं देवाकडे मागणं होतं.

आता यात पाळकसाहेब कुठे येतात, तेही सांगायला हवं. पाळकसाहेब रविवारचा संदेश नेटवर टाकायचे. माणूस लाख मोलाचा, पण बोलायला उभा राहिला की घड्याळाला घाम फुटायचा. सोमवारी दुकानावरून जाताना ते हमखास विचारायचे, "मामा, संदेश परत ऐकलात का?" मामांना खोटं बोलवायचं नाही आणि ऐकवायचंही नाही. मग नवा फोन घेतला त्याच सुमाराला त्यांना त्यात एक बटण सापडलं. ते दाबलं की पाळकसाहेब दुप्पट वेगानं बोलायचे. आवाज तोच, नुसती घाई. चहा निवायच्या आत आमेन. मामांनी देवाचे आभार मानले आणि पुन्हा त्या बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते बटण पाळकसाहेबांपुरतंच आहे, अशी त्यांची आपली समजूत.

अशात भाचीचं लग्न ठरलं. भाची म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक. ती आईला घेऊन दुकानात आली, काउंटरवर कोपरं टेकवून म्हणाली, "मामा, मी चर्चमध्ये आत येताना जे गाणं वाजेल ना, ते तू निवड."

मामांच्या हातातला स्क्रू पडला. तो नंतर सापडलाच नाही.

"दादा, जरा बघून निवड हं," बहीण म्हणाली. "लोक जांभया देतील असलं काही नको."

"जांभया? अगं, लोकांना धरून बसवावं लागेल."

आणि मामांनी गाणं काढलं शोधून. गाणारी एक मुलगी, मागे पेटीवर तिचे वडील, ऐकणारी डोकी मोजकी. शब्द असे की, "सावकाश ये, माझ्या लेकरा, दार उघडंच आहे." मामांना ते इतकं भावलं की काच घासायचं यंत्र बंद करून ते दुकानातच नाचले. नंबर तपासायला आलेल्या आजोबांना वाटलं, आपले डोळे फारच बिघडलेत.

पण हे गाणं त्यांनी कुणालाही ऐकवलं नाही. लग्नाच्या दिवशीच ऐकायचं, तोवर नाही. ग्रुपवर न टाकलेली ही त्यांची पहिली लिंक. ती दिली फक्त संगीतबाईंना, कारण चर्चमधलं साउंडचं टेबल त्यांच्या ताब्यात. बाईंचा लगेच फोन आला.

"मामा, नक्की हेच?"

"हेच."

"मुलगी चालणार कशी यावर?"

"चालतेय कसली, धावेल. आणि शेवटपर्यंत लावायचं, मध्येच तोडायचं नाही. शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला. पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला, तो मामांना आनंदाचा वाटला.

चालायची तालीम दुकानातच झाली. फ्रेमच्या दोन कपाटांमधून भाची आणि तिचे वडील हातात हात घालून यायचे, आणि मामा गाणं न लावता स्वतःच टाळ्या वाजवत म्हणायचे, "सावकाश ये, सावकाश ये, माझ्या लेकरा, पाय उचला भावोजी."

भावोजींचा गुडघा आधीच दुखरा. ते धापा टाकत म्हणाले, "हे सावकाश आहे?"

"शब्दांकडे कशाला लक्ष देता? ठेक्याकडे द्या."

लग्नाचा दिवस आला. चर्च भरलं, दार उघडलं, मामांनी बाईंना खूण केली. पेटीचा एक सूर निघाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा.

पण भाचीच्या डोक्यात मामांच्या टाळ्या पक्क्या बसलेल्या. ती निघाली ती भावोजींना ओढतच निघाली. नवरदेव अजून वेदीकडे तोंड करून उभा होता. गाणं सुरू झालं की वळायचं, असं त्याला सांगितलेलं. गाणं सुरू झालंय असं वाटलं तेव्हा तो वळला, तर नवरी शेजारी हजर. तेवढ्यात स्पीकरमधली मुलगी म्हणाली, "सावकाऽऽऽऽश येऽऽऽऽ." भावोजी खांबाला टेकले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

आणि मग सगळे नुसते उभे. कारण कडवी पुष्कळ होती आणि बाईंनी शब्द दिला होता. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली ठेवला. नवरदेवाची आजी बाकावर टेकली आणि तिचा डोळा लागला. मामांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. ते तरातरा साउंडच्या टेबलाकडे गेले.

"बाई, तुम्ही मुद्दाम हळू लावलंय."

"आहे तसंच लावलंय."

"माझ्या फोनवर ऐका, मग बोला." मामांनी वायर उपटली, आपल्या फोनला खुपसली आणि पडद्यावर पहिलं जे दिसलं ते दाबलं.

पहिला दिसला तो गेल्या रविवारचा संदेश होता.

"प्रियबंधूभगिनींनोआजआपणधीराविषयीबोलूयाधीरधरणंम्हणजेकाय," असं म्हणत पाळकसाहेब सगळ्या स्पीकरमधून एकदम बाहेर पडले. खरे पाळकसाहेब वेदीपाशी झगा घालून उभे होते. ते स्वतःला ऐकत राहिले.

"मामा," शेवटी ते हळूच म्हणाले, "हा मी आहे का?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मामांना झालं. भाची झग्याचा घेर सावरत खाली आली, तिनं फोन हातात घेतला, संदेश बंद केला आणि पडद्याकडे बघत राहिली.

"मामा, हा वेग दुप्पट आहे. कधीपासून?"

मामांनी सगळं सांगून टाकलं. खोटं त्यांना बोलवतच नव्हतं.

"म्हणजे तू पाठवलेली सगळी गाणी..."

"सगळी," मामा म्हणाले.

संगीतबाई हसता हसता खुर्चीतून खाली यायच्या राहिल्या. मग सगळं चर्च हसलं. मामांना मात्र रडू आलं, अगदी खरंखुरं. ज्या गाण्यांवर इतकी वर्षं जीव टाकला, ती तशी कुणी गायलीच नव्हती. आणि देवानं दिलेली एकुलती एक संधी आपण लेकीसारख्या भाचीच्या लग्नात मातीत घातली.

"मला माफ कर गं," ते म्हणाले. "तुझ्या दिवसाचा सगळा विचका केला मी."

भाचीनं त्यांचा हात धरला. "विचका कसला? मी तुझ्याच वेगात शिकलेय. मी परत आत येते." मग नवरदेवाला म्हणाली, "तू तिकडे तोंड कर." आणि वडिलांना, "बाबा, चला."

भावोजींनी गुडघ्यावर हात ठेवला. "मी आता इथून हलत नाही बाई. मामाला ने."

संगीतबाईंनी मामांच्या फोनवर मामांचं गाणं लावलं, मामांच्या वेगात. मामा आणि भाची दारातून आत आले ते जवळजवळ पळतच, डोळे पुसत आणि हसत. लोकांनी ठेका धरला. नवरदेवाची आजी दचकून उठली आणि काय चाललंय ते न विचारताच टाळ्या वाजवू लागली.

"मी आज धीराविषयी बोलणार होतो," पाळकसाहेब म्हणाले, "पण मामांच्या वेगानं बोलतो." ते इतक्या झटपट आटोपले की बाहेर जेवणाची भांडीसुद्धा अजून लागली नव्हती.

पुढच्या रविवारी उपासनेत संगीतबाई क्वायरसमोर उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या. "लिंकमामांचं गाणं घेतोय. मामा, कोणत्या वेगात?"

मामांनी आठवडाभर ते बटण बंद ठेवून गाणं ऐकलं होतं. सुरुवातीला जीव नुसता कासावीस झाला. मग एका दुपारी ते शेवटच्या कडव्यापर्यंत पोचले. तिथे ओळ होती, "दमलास, बस जरा, मी आहे ना." ही ओळ त्यांना पाठ होती. कितीदा तरी टाळ्या वाजवत म्हटली होती. त्या दुपारी मात्र हातातली काच तशीच राहिली आणि समोर ताटकळलेलं गिऱ्हाईक त्यांना दिसेनासं झालं.

"तिनं गायलंय त्या वेगात," मामा म्हणाले.

क्वायर गाऊ लागली. आपलं गाणं, आपल्या चर्चमध्ये. मामांनी समाधानानं डोळे मिटले. शेजारी बसलेल्या बहिणीला वाटलं, दादा प्रार्थना करतोय. पुढे त्यांची मान कलली तेव्हा तिला काय ते कळलं. संगीतबाईंनीही पाहिलं आणि त्या गाता गाता हसल्या. कुणी त्यांना उठवलं नाही.

जाग आली तेव्हा पाळकसाहेब संदेश देत होते, नेहमीच्या वेगात. मामांचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला, आणि बहिणीनं तो हात आमेनपर्यंत आपल्या हातात धरून ठेवला.