खाऱ्या कोपऱ्याची उघाडी

मित्रांनो, शाळेला जाताना ज्या फळीवरून तुम्ही धडधडत वहाळ ओलांडता, ती मी. आज माझा साकव झाला आहे. तक्रार नाही. पण माझे जन्माचे काम वेगळे होते. मी आरे-वाऱ्याकडच्या खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीतली, जुनी उघाडी आहे.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातले लाकडी दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते, तशी मी मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी मला ढकलून निघून जाते. शिवा सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवले आणि सन पंचविसात बांधात बसवले. खारे पाणी भाताला लागू द्यायचे नाही, एवढीच माझी नोकरी. गावाने मला नारळ वाहिला. तेव्हापासून मी जरा ताठ्यातच होते.

पुढे एका नवरात्रात मोठे उधाण आले आणि बांध फुटला. माझ्या शेजारचा फुटला, मी नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण काही जणांना अजून संशय आहे. भात नेमके फुलोऱ्यात होते. भाताचे फूल इवलेसे. उन्हे चढली की उघडते, दुपारपर्यंत मिटते. त्याच दिवसांत मुळाशी मीठ आले की दाणा धरत नाही. खाजणभर लोंब्या उभ्या, पण आत काहीच नाही. गावाने फूट तेवढ्यापुरती चिखलाने बुजवली.

सगळ्यांत खोलगट कोपरा माझ्या पायाशी, सगुणाचा. तिचा नवरा खलाशी, कधीमधी घरी यायचा. गावचे प्रमुख गावकर आप्पा तिला म्हणाले, "सगुणा, नवा दगडी बांध सरळ घालायचा म्हणतो. तुझ्या कोपऱ्याला वळसा कशाला? तिथं दाणा धरत नाय."

"आप्पा, तेवढाच तुकडा हाय माझा."

"मग दोन पिकं बघू. मिठात दाणा भरला तर बांध वळवू. नायतर कोपरा खाडीला."

सगुणा चिखलात उतरली. माझ्या कडेला एकच झुपका दाण्यांनी वाकला होता. दाणा तांबडा, कुसळे लांब. जुन्या लोकांचे तांबडे भात मिठाला भीत नसे. पांढऱ्या भाताच्या हौसेपायी ते मागे पडले होते. आदल्या वर्षी बांधाकडेला उगवलेल्या अशाच एका रोपाचे पराग वाऱ्याने पांढऱ्याच्या फुलावर पडले होते. मी पाहिले होते. हा झुपका त्या जोडीचे लेकरू. सगुणाने त्याचे बी राखले.

पुढच्या वर्षी ते कोपऱ्यात लावले, तर एक रोप दुसऱ्यासारखे नाही! शेजारची गंगुबाई कमरेवर हात ठेवून हसली.

"अगो बाय, हे शेत की जत्रा? एक उंच, एक बुटकं, कुणाला मिश्या, कुणाला नाय!"

"तुझ्या नातवाचे डोळे घारे ना गो? तुझे नायत, लेकाचेही नायत."

"ते माझ्या मामंजींचे! पण मामंजी तांडेल होते, जन्मभर होडी हाकली, नि हा होडीत बसला की ओकतो."

"म्हणजे डोळे आले, पोट नाय आलं. भाताचंही तसंच. मला पांढरा दाणा नि तांबड्याचं पोट, दोन्ही एकात हवं. तांबडं नुसतं भरलं तर आप्पा नाक मुरडतील."

फुलोरा आला. एका भरतीला सगुणा आली आणि तिने मला चक्क काठी लावून उघडे ठेवले. मी! खाडी अडवणारी! मेर, म्हणजे चिखलाचा छोटा बांध, घालून तिने पाणी आपल्याच कोपऱ्यापुरते अडवले.

"वेड लागलं काय गो?" गंगुबाई ओरडली.

"मीठ घेतल्याशिवाय कळायचं कसं, कोण टिकतं ते?"

बरीच रोपे पोचट राहिली. काही भरली, बहुतेक तांबडी. पांढरी नि भरलेली थोडीच. त्यांना सगुणाने जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि पुढल्या वर्षी त्यांचेच बी लावले. फुलोऱ्याला आप्पा स्वतः आले. "माझ्यासमोर पाणी घे," म्हणाले. सगुणाने मला काठी लावली. मला तर वाटले, मीच तिचे वाटोळे करते आहे.

दिवाळीच्या सुमारास आप्पा परत आले. एक लोंबी तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. भुसा उडाला. पांढरे दाणे राहिले. आप्पांनी दुसरी लोंबी घेतली, मग तिसरी, पार पलीकडच्या टोकाची. काही पोचट होत्या, पुष्कळ भरलेल्या.

"गंगाराम," त्यांनी आपल्या लेकाला हाक मारली, "आखणीची सरळ दोरी सोड. बांध इथनं वळव."

आणि सगुणाकडे न बघता म्हणाले, "पसाभर बी ठेव हो माझ्यासाठी."

म्हणून आपल्या बांधाला तिथे पोट सुटले आहे. नव्या बांधात नवी उघाडी आली नि मला रजा मिळाली. बरे झाले, दाराला भ्रम असतो की सगळे आपणच राखतो. मित्रांनो, बेणताना, तण काढताना, एखादे रोप वेगळे दिसले, तर लगेच उपटू नका. एक फुलोरा थांबा. आणि तांबड्याचेही मूठभर बी घरात असू द्या. सगुणाच्या माळ्यावर ते अजून टांगलेले आहे. मागायला जा, ती नाही म्हणायची नाही.