अनंतरावांचा चढ-उताराचा कागद

अनंतरावांना फुशारकी भोवली, दुसरं काय! रेल्वेत रुळांची तपासणी करायची नोकरी. त्या काळात साहेब लोकांबरोबर सपाट मैदानावर चार-दोनदा गोल्फ खेळले आणि तेवढ्या भांडवलावर जावयापुढे दोन वर्षं बाता मारल्या. अभिनवने त्या खऱ्या मानल्या. नवा रायपूरमध्ये सगळ्यांसाठी खुलं असलेलं नवं मैदान सुरू होताच त्याने दोघांसाठी रविवारची सकाळ ठरवून टाकली.

शनिवारी दुपारी तो रायपुरातल्याच तेलीबांध्याहून बुढापाऱ्यात सासुरवाडीला आला आणि मैदानाचा नकाशा टेबलावर पसरला.

"बाबा, पूरा टीलेवाला है. विलायत में समंदर किनारे होता है ना, वैसा. पेड़ नहीं, बस चढ़ाई, ऊँची घास और हवा." त्याला मराठी समजायची, पण उत्तर हिंदीतच.

"फिराले गाडी मिळते न तिथं?"

"बैटरीवाली अभी आई नहीं. पैदल चलेंगे."

तीन आठवड्यांपूर्वी जिना चढताना अनंतरावांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. त्यांनी गुपचूप जाऊन दाखवलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, चढ बंद, आठवड्याच्या आत अँजिओग्राफी, नाही तर झटका येईल. बाईंनी लिहून दिलेला कागद त्यांनी पेन्शनच्या फायलीत दडवला आणि घरात ब्र काढला नाही. लेकीला, अनुश्रीला, सातवा महिना. येत्या गुरुवारी तिचं डोहाळजेवण. तेवढं पार पडू दे, मग सांगू. वेडेपणाच हा, पण आमच्याकडचे बाप तो हमखास करतात.

आता नाही म्हणावं तर कारण काय द्यावं? शिवाय जावयाचा शब्द मोडायची या घरात रीत नव्हती. हो म्हणावं तर तिसऱ्याच टेकाडावर... पुढचं मनात आणायचीही त्यांना भीती वाटली.

"बेत मी आखतो, जावईबापू," ते म्हणाले. "तुमी आत जाऊन चहा घ्या."

अभिनव स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलत बसला. इकडे अनंतरावांनी पेन्सिल काढली. नकाशावर उंचीच्या रेषा होत्या आणि त्या वाचण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. जीव वाचवायचा तर एकही उभा चढ नको. ते भराभर लिहीत गेले.

अर्ध्या तासाने अभिनवने कागद उचलला. 'दुसरा होल, वीस पावलांत एक पाऊल चढ, डावीकडून वळसा, पाच मिनिटं बसणे. तिसरा, बारा पावलांत एक, वर जाऊ नये. सातवा, सडक जवळ, गाडी इथवर येऊ शकते.'

त्याने कागद उलटून पाहिला.

"बाबा, इसमें बॉल कहाँ है?"

कुठली काठी घ्यायची, किती लांब मारायचं, वारा कुठून येणार, अठरा होलांत एक अक्षर नव्हतं.

"मेरे पापा भी चढ़ाई छोड़कर लंबा चक्कर लगाकर घर आते थे," अभिनव हळूच म्हणाला. "हमें लगा, घूमने का शौक है." त्याचे वडील लग्नाआधी एका सकाळी वाटेतच झटका येऊन गेले होते. त्याने गाडीची किल्ली उचलली. "चलिए. कल नहीं, अभी."

"गुरुवारपर्यंत थांबा न, बापू."

"तब तक का भरोसा कौन देगा?"

आवाज ऐकून अनंतरावांची बायको इंदू बाहेर आली. "काहो, कुठं चालले दोघं?"

सांगायचं ते अभिनवने सासऱ्यांवर सोडलं.

"दवाखान्यात," अनंतराव म्हणाले. "चढलं का छातीत दुखून राहिलं, इंदू. तीन हप्ते झाले. मले लय भेव वाटून राहिलं."

खाली बसून इंदूने त्यांचे बूट पुढे ओढले आणि नाडी बांधू लागली. गाठ सुटली. तिने पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. अनंतरावांनी तिची बोटं दोन्ही हातांत घट्ट धरली, मग स्वतः नाडी बांधून पाहिली, त्यांचीही गाठ सुटली. शेवटी नाडी अभिनवने बांधली.